पुठ्ठ्याची पेटी

बी.ए.ला मी मानसशास्त्र हा विषय आवडीने घेतला, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. खरं असं आहे की फॉर्म भरताना त्या विषयात काय असतं हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे घरी विचारायची सोय नव्हती. खिडकीतल्या कारकुनाने तिसरा विषय कोणता म्हणून विचारलं, मागे रांग होती, म्हणून माझ्या पुढच्या मुलीने जे सांगितलं होतं तेच मीही सांगितलं. वसतिगृहावर येऊन मग तो शब्द वहीत नीट लिहून पाहिला.

त्या विषयाचा माझ्या वडिलांच्या गाण्याशी पुढे जो संबंध आला, तेवढंच मला इथे लिहायचं आहे. संगीतातलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पेटी वाजवते, पण ती कानाने शिकलेली. रागांची नावं कुणी विचारली तर मी गप्प बसते.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. पालमपासून थोडं आत आमचं गाव आहे. दादा दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात आणि जयंतीच्या दिवसांत गातात. वस्तीतल्या चौघांची मिळून गायन पार्टी आहे. दादा गायचे आणि पेटीही वाजवायचे, धाकटे चुलते ढोलकीवर, आणि मागे म्हणायला दोघं. चौदा एप्रिलपासून पार मे महिना संपेपर्यंत गावोगाव जयंत्या चालतात. जवळपासच्या गावांतून दादांना बोलावणी यायची. एसटीत पेटी ते टपावर टाकू देत नसत. मांडीवर घेऊन बसत, आणि शेजारी जागा झाली तरी खाली ठेवत नसत.

काही गाणी त्यांनी स्वतः बांधलेली आहेत. त्यातलं एक लोक परत परत म्हणायला लावायचे. शाळेतून आलेल्या लेकीला आई म्हणते, तुझ्या वहीत काय लिहिलंय ते मला वाचून दाखव. गाण्यात एवढंच आहे. दादांनी ते केलं तेव्हा मी पहिलीत होते, आणि मायला एकही अक्षर येत नव्हतं. ते माझ्यावर केलं का, हे मी त्यांना कधी विचारलेलं नाही.

आमच्या पेटीत एक दोष होता, तो इथेच सांगायला हवा. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी मी तिसरीत होते. त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या येत होत्या. आमच्या गावात काही झालं नाही, पण होईल या भीतीने आम्ही पंधरा दिवस आजोळी जाऊन राहिलो. जाताना दादांनी पेटी पोत्यात गुंडाळून कडब्याच्या गंजीत लपवली. घरात लपवण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. परत आलो तेव्हा गंजीला खालून ओल चढलेली होती. पेटी बाकी धड निघाली, पण शेवटच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी गेली. दाबली की नुसती फुस्स करून हवा जायची. परभणीचा दुरुस्तीवाला म्हणाला, महिनाभर ठेवावी लागेल. दादा म्हणाले, मग राहू द्या. त्या पंधरा दिवसांनंतर पेटी डोळ्यांआड करायला ते तयार नव्हते.

पुढे ती पट्टी तशीच राहिली. दादा काळी दोनमध्ये गातात, म्हणजे दुसरी काळी पट्टी हा त्यांचा सा. गेलेली पट्टी त्यांच्या बऱ्याच गाण्यांत यायची. आईच्या गाण्यात तर अंतरा चढत चढत बरोबर तिच्यावरच जातो, ‘वही’ या शब्दाला. दादांनी त्यावर आपला उपाय काढला. तो सूर आला की पेटीवरचा हात उचलायचा, सूर नुसत्या गळ्याने लावायचा आणि पुढच्या पट्टीवर पेटीला परत गाठायचं. दहा वर्षं ते असं गात होते. आमच्या गावच्या लोकांना ती चालच तशी वाटायची. मी त्यांच्याकडूनच शिकले, म्हणून माझाही हात तिथे आपोआप उचलला जायचा.

मी परभणीला कॉलेजात गेले त्या हिवाळ्यात दादांचे सांधे धरले. सकाळी मूठ उघडायची नाही. गरम पाण्यात हात घालून बसायचे, मग विळा धरण्यापुरती बोटं मोकळी व्हायची. पेटीवर मात्र ती चालत नव्हती. एका पट्टीवर ठेवलेलं बोट शेजारच्या पट्टीलाही ओढायचं. पालमचा एक पेटीवाला आणून पाहिला. तो आमच्या चाली धरीना, दादांचा गळा सोडून स्वतःच पुढे पळायचा. तेव्हा चुलते म्हणाले, घरची पोरगी वाजवती की. आणि एप्रिलमध्ये आमच्याच वस्तीच्या जयंतीला मी पेटीवर बसले.

त्या संध्याकाळचं मला अजूनही नीट लिहिता येत नाही. ऊन उतरलं होतं. पुढे खुर्चीवर आमच्या शाळेचे हेडमास्तर बसले होते. हिला पुढे शिकवा म्हणून दादांकडे दोनदा आले होते ते. पहिली दोन गाणी बरी झाली. आईच्या गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात माझ्या मनात आलं, आता पुढे कोणती पट्टी? एवढंच. असा प्रश्न मला त्याआधी कधी पडलाच नव्हता. मी खाली पाहिलं तर सगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एकसारख्या दिसायला लागल्या. उजवा हात थांबला. मग डावाही थांबला, आणि भात्यातली उरलेली हवा हळूहळू निघून गेली. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते गात राहिले. चुलत्यांनी ढोलकी जोरात घेतली. उरलेली तीन गाणी मी पट्ट्यांवर नुसती बोटं ठेवून बसले. लांबून पाहणाऱ्याला मी वाजवतेय असं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी हापशावर चुलती म्हणाली, “कालेजात गेली अन् बोटं तिथंच इसरून आली.” बाया हसल्या. मीही हसले, कारण हसले नसते तर रडू आलं असतं.

तीन-चार दिवसांनी मी परभणीला निघाले तेव्हा दादा फाट्यापर्यंत सोडायला आले. गाडीची वाट बघताना म्हणाले, “बिनापेटीचं गाणं मला जमत न्हाई बाई. सूर धरायला काहीतरी लागतं. पुढल्या साली तुझ्यानं झालं तर गाऊ. न्हाई झालं तर पेटी विहारात ठेवून देऊ, शिकणारी शिकतील.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ठरवून टाकलं होतं त्यांनी. गाडीत बसल्यावर मला हिशेब लागला, की आता दादा पुढे गाणार की नाही हे माझ्या दहा बोटांवर आलं आहे, आणि मी तर यापुढे पेटीला हातही लावायचा नाही असं ठरवून निघाले होते.

दुसऱ्या वर्षी मानसशास्त्राला नव्या मॅडम आल्या. एकदा अवधान शिकवताना त्या म्हणाल्या, जिना उतरताना प्रत्येक पायरीकडे लक्ष द्यायला लागा, म्हणजे नक्की पडाल. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तास संपल्यावर मी त्यांच्या मागे स्टाफरूमच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “तुला काही विचारायचंय का माझी राखण करतेस?”

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला सा आणि रे यांतला फरक कळत नाही, हे लक्षात ठेव. पण हाताचं थोडं कळतं.” मग त्यांनी मला तिथेच डोळे मिटायला सांगितलं. पेटी समोर आहे असं समज, आणि ते गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात वाजव. झालं की बोट वर कर. बाजूला दोन सर चहा पीत होते. मला फार लाज वाटली, पण केलं. बोट वर केल्यावर मॅडमनी घड्याळ दाखवलं. दीड मिनिट झालं होतं. प्रत्यक्ष हे गाणं किती वेळ चालतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाच मिनिटं तरी.

“मग बाकीचं कुठे गेलं?”

त्या म्हणाल्या, मनात वाजवताना माणूस अवघड जागा गाळतो. जे गाळलं तेच मांडवात बसल्यावर अडवतं. पाच मिनिटांचं गाणं मनातही पाचच मिनिटं चाललं पाहिजे. भात्याचा हात, मांडीला येणारी रग, समोरची माणसं, घाम, सगळं त्यात हवं.

त्या पावसाळ्यात नामांतराचे मोर्चे, बंद आणि सभा चालू होत्या. कधी कॉलेज बंद, कधी एसटी बंद. दीड-दोन महिने मला गावी जाता आलं नाही. कॉलेजची पेटी फक्त गॅदरिंगला बाहेर निघायची. म्हणून मी एका साड्यांच्या दुकानातून पुठ्ठा मागून आणला आणि त्यावर पेटीच्या मापाच्या पट्ट्या आखल्या. काळ्या पट्ट्या शाईने रंगवल्या. माप आठवणीतून घेतलं होतं, पुढे पेटीवर ताडून पाहिलं तर बोटभराचाही फरक निघाला नाही, याचा मला अजूनही थोडा अभिमान वाटतो.

माझ्या खोलीत जिंतूरकडची एक मुलगी होती. तिच्या घरी बरीच शेती होती. नामांतरावर आम्ही दोघी बोलत नव्हतो. दोघींनाही ठाऊक होतं की आपण त्यावर बोलत नाही. पण माझ्या पुठ्ठ्यावर ती मोकळेपणाने बोलायची. मी डोळे मिटून बोटं चालवत बसले की म्हणायची, “आज आवाज लय मोठा करायलीस बाई, माझं वाचन होईना.” एकदा मी मध्येच उठले तर म्हणाली, “अंतरा अर्धाच ठेवून कुठं चाललीस?” पुढे तीच घड्याळ घेऊन बसायला लागली. दीड मिनिटाचे दोन झाले, मग तीन. दसऱ्याच्या सुमाराला मनातलं गाणं पावणेपाच मिनिटांवर आलं.

मॅडमनी आणखी एक सांगितलं, ते मला आधी उलटंच वाटलं. त्या म्हणाल्या, रोज एकदा मनात मुद्दाम चूक कर. मग बघ काय करतेस ते. पहिल्यांदा मी चुकले आणि मनातल्या मनातही हात थिजून बसले. आश्चर्य वाटलं मला. पुठ्ठ्यावरसुद्धा घाम आला. तेव्हा मला सुचलं की गाण्यालाही एसटीसारखे फाटे असावेत. पालमहून गंगाखेडला जाताना गाडी मध्ये कुठे सुटली तरी माणूस पुढच्या फाट्यावर जाऊन उभा राहतो, परत घरी जाऊन पहिल्यापासून निघत नाही. मी प्रत्येक गाण्यात चार-पाच फाटे ठरवले. धृपदाची सुरुवात हा सगळ्यात मोठा फाटा, तिथे सगळ्या गाड्या थांबतात. कुठेही अडलं तर जवळचा फाटा गाठायचा. आणि त्याआधी श्वास सावकाश सोडायचा, घ्यायच्या आधी सोडायचा, हे मॅडमचं. हे मी महिनाभर रोज केलं. किती वेळा चुकले त्याला गणती नाही. पण थांबणं हळूहळू कमी झालं.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, तुझ्या मनात काय वाजतं ते मला शब्दांत सांग. मी सांगत गेले. ‘वही’वर आले तेव्हा म्हणाले, इथे हात उचलायचा, कारण इथे पेटी फुस्स करते.

“कोणती पेटी?”

“आमची. कडब्यात ओल लागलेली.”

“आणि मनातली?”

“तीपण.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “मनातली पेटीसुद्धा तुम्ही कडब्यात ठेवली होती का?”

त्यांनी हे थट्टेने म्हटलं होतं, पण मला तो दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. माझ्या डोक्यातल्या पेटीला ओल लागली नव्हती. तिथली पट्टी का वाजू नये? मी ती दुरुस्त करायची ठरवली. सोपं नव्हतं, कारण तो सूर त्या जागी पेटीतून आलेला मला आठवतच नव्हता. मधल्या सप्तकातली पहिली काळी पट्टी चांगली होती. दिवाळीला गावी गेले तेव्हा ती पुन्हा पुन्हा वाजवून कानात साठवली, आणि परभणीला आल्यावर मनात ती उचलून वर नेऊन बसवली. आठ-दहा दिवसांनी ती बसली. ‘वही’वर बोट टेकलं की आत सूर भरून यायचा. त्यानंतर मी कधीही हात उचलला नाही, म्हणजे मनात.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती मला त्या वेळी चूक वाटली नाही. परीक्षेनंतर गावी जाऊन मी दादांबरोबर पंधरा दिवस तालीम केली. तिथे आमचीच पेटी होती, पट्टी मुकीच होती, म्हणून तिथे पूर्वीसारखा हात उचलायचे. मनातलं वेगळं आणि घरातलं वेगळं, असं दोन्ही नीट चाललं होतं. दादांना मी काही सांगितलं नाही. पुठ्ठ्यावर पेटी वाजवते हे सांगायला मला संकोच वाटत होता. शिकायला परभणीला ठेवलेली मुलगी पुठ्ठ्यावर बोटं नाचवत बसते, हे त्यांनी कसं घेतलं असतं कुणास ठाऊक.

आमच्या वस्तीच्या जयंतीला त्या वर्षी दुसरी पार्टी आली होती. आमचं पहिलं बोलावणं राणीसावरगावचं होतं, मे महिन्यात. दुपारी आम्ही पोचलो. मांडव घातलेला होता, आणि तिथल्या एका शिक्षकांनी मोठ्या कौतुकाने आपली नवी पेटी मधोमध आणून ठेवली होती. पट्ट्या इतक्या स्वच्छ की बोट लावायला भीती वाटावी. दादांनी आमची पेटी मांडीवर धरली होती. यजमानांचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी ती मागे ठेवली. मी पेटीवर बसले, श्वास सोडला आणि भाता धरला. पहिली तीन गाणी कशी गेली मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच चांगलं लक्षण असावं. एकदाही पुढची पट्टी कोणती हा प्रश्न आला नाही.

मग आईचं गाणं. दादांचा आवाज तापला होता. अंतरा चढत गेला, ‘वही’ आली, आणि माझं बोट त्या पट्टीवर जाऊन टेकलं. मी ठरवलं नव्हतं. सहा महिने ते तिथेच टेकत होतं. सूर आला, भरलेला, गोल, मनात बसवलेल्यापेक्षाही मोठा.

आणि दादा थांबले.

मी वर पाहिलं. त्यांचं तोंड उघडं होतं, हात हवेत होता, पण आवाज नव्हता. तो चेहरा मी ओळखला. वर्षापूर्वी आरसा असता तर मला माझा तसाच दिसला असता. चुलत्यांची ढोलकी एक मात्रा अडखळली. पुढे बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

मला भीती वाटली नाही असं नाही. पण सगळ्यात आधी डोक्यात आलं ते एवढंच, की गाडी सुटली, मोठा फाटा गाठ. मी श्वास सोडला आणि धृपदावर गेले. धृपद एकदा नुसतंच वाजवलं. मागच्या दोघांनी ते ओळखून उचललं, ढोलकी जागेवर आली. लोकांना वाटलं असेल की हे असंच बसवलेलं आहे. मी दादांकडे पाहिलं नाही. थिजलेल्या माणसाकडे सगळे बघायला लागले की तो आणखी थिजतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. धृपद दुसऱ्यांदा घेतलं. अर्ध्यात दादांचा आवाज आला, आधी बारीक, मग नेहमीसारखा.

परत अंतरा. ‘वही’ जवळ येत होती, आणि वाजवावं की सोडावं हे मला ठरवायचं होतं. मी हात उचलला. दादांनी तो सूर दहा वर्षं लावला तसाच एकट्याने लावला, आणि मी पुढच्या पट्टीवर त्यांना गाठलं.

शेवटच्या अंतऱ्याला मात्र दादांनी मान माझ्याकडे वळवली आणि हनुवटीने पट्टीकडे खूण केली. मी वाजवलं. त्यांचा आवाज त्या सुरावर येऊन बसला. जरा कापला. मग बसला.

रात्री यजमानांकडे जेवताना दादा कमी बोलले. मला वाटलं, आता हे पेटी विहारात ठेवायचं काढणार, आणि या वेळी माझ्या अडखळण्यामुळे नाही, माझ्या वाजवण्यामुळे.

सकाळी गंगाखेडच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले, पेटी मांडीवर. चुलते पुढच्या बाकावर होते. गाडी गावाबाहेर पडल्यावर दादांनी विचारलं, “तो सूर कुठं शिकलीस? आपल्या पेटीत तर न्हाई.”

मग मी सगळं सांगितलं. पुठ्ठा, घड्याळ, फाटे, मुद्दाम चुकणं, मॅडमचा कडब्याचा प्रश्न. आधी न सांगितल्याबद्दल माफी मागितली. दादा खिडकीबाहेर बघत ऐकत होते.

“मला वाटलं कुणी दुसरं गायलं,” ते म्हणाले. “दहा साल झाले, त्या जागेला मी एकलाच असतो. अचानक कुणी सोबत आलं, तर मला माझाच शब्द सुधरंना.”

पुढून चुलते मागे वळले. त्यांना पुढच्या हप्त्याचं बोलावणं आलं होतं, आणि त्या लोकांना आज गंगाखेडच्या स्टँडवर जबाब द्यायचा होता. काय सांगू, असं ते विचारत होते. दादा म्हणाले, हो म्हण. चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा हसले आणि म्हणाले, “अन् त्यांना पेटी कंची ठेवायला सांगू, जुनी का नवी?” दादा म्हणाले, आपलीच नेऊ, तिला सगळं ठाऊक हाय.

थोड्या वेळाने त्यांनी हलकेच विचारलं, “मनात वाजिवताना बोटं दुखत न्हाईत का?”

“न्हाई दादा.”

“माझी बी न्हाई दुखणार?”

मी म्हणाले, करून बघा. घड्याळ आमच्याकडे नव्हतं. म्हणून मी सुचवलं की दोघांनी एकदमच सुरुवात करू, आईचं गाणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि ज्याचं होईल त्याने बोट वर करायचं. दादांनी डोळे मिटले. त्यांचे दोन्ही हात पेटीच्या झाकणावर होते, बोटं आत वळलेली, जराही हलत नव्हती. मी एक-दोन-तीन म्हटलं आणि माझेही डोळे मिटले.

माझं झालं तेव्हा मी बोट वर केलं आणि डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. ते अजून वाजवत होते. गाडी खड्ड्यांतून चालली होती, पेटी मांडीवर हिंदकळत होती, आणि त्यांच्या कपाळावर, भाता ओढताना पडायची तशी आठी पडली होती. बऱ्याच वेळाने त्यांचा अंगठा वर झाला. बाकीची बोटं उठत नव्हती.

“उशीर झाला का?” त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

“थोडा.”

“त्या जागेला जरा थांबलो,” दादा म्हणाले.